एका शेताची एक सीट

५ जानेवारी

ही वही दिशाची. सातवीच्या भूगोलाची, मागची अर्धी कोरी राहिलेली. नात म्हणाली, "आजी, दिवसभर जे बोलतेस ते ह्यात लिही, मला अभ्यास करू दे." मी चौथी शिकलेली, पण अक्षर माझं चांगलं. कोपरखैरण्याच्या बाजारात मी सुकी मासळी विकते, तिथे भावाच्या पाट्या मीच लिहिते. सुकट, वाकटी, बोंबील, सोडे. शेजारच्या बायकापण माझ्याकडून लिहून घेतात. एकीने तर मुलाच्या लग्नाची यादी लिहून घेतली आणि मलाच बोलवायला विसरली. ते जाऊ दे. बोलताना आपली गावची भाषा येते, लिहायला बसलं की बाईंनी शिकवलेली येते, त्याला माझा इलाज नाही.

आज फार आनंद झाला म्हणून वही उघडली. खाडीच्या बाजूला ती मोठी काचेची शाळा आहे ना, जिथली पोरं टाय लावून गार बसमधून जातात, ती आमच्या शेतावर उभी आहे. माझे सासरे पंढरी, त्यांचं खारीतलं शेत. लाल भात यायचा. आता जिथे त्यांचा पोहायचा तलाव आहे तिथे मी लावणी केली आहे, पोटात दिलीप असताना. शहर झालं, शेत गेलं. आता एवढ्या वर्षांनी शाळेचं पत्र आलं. ज्यांची जमीन, त्यांच्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी फुकट. बाहेरच्या देशाचा अभ्यासक्रम. फक्त एका सातबाऱ्यामागे मूल एकच.

एक हा आकडा वाचला आणि मला हसू फुटलं. माझी सून उज्वला घाबरली, म्हणाली, "आई, पाणी देऊ का?"

तिला काय सांगू. सत्तावीस वर्षांपूर्वी पण असंच एकच आलं होतं. जमीन गेली त्यांना नोकरीचा दाखला, एका घराला एक. घरात पोरगे दोन. माझा दिलीप, दहावीला एक्काहत्तर टक्के. आणि माझ्या थोरल्या जावेचा, येसूबाईचा बाळाराम, बारावीला आडवा झालेला. दाखला बाळारामला मिळाला. आज तो सरकारी ऑफिसात पंख्याखाली बसतो. माझा दिलीप पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डाव्या हाताचं बोट मशीनला देऊन आला. त्या दिवसापासून मी येसूबाईच्या घरात पाय ठेवला नाही. लग्नकार्य असलं तर मांडवात बसते, घरात नाही. आणि आमची दारं समोरासमोर. आडवी बोळ, चार पावलं. सत्तावीस वर्षं सकाळी उठून पहिला तिचा उंबरा बघते.

बाळारामचा प्रणय आणि आमची दिशा एकाच वर्गात, आठवीत. गावातलीच शाळा, बोर्डाची. दिशा पहिली. प्रणयचा नंबर खालून मोजला की लवकर सापडतो.

देव उशिरा देतो, पण समोरच्या दाराला दिसेल असं देतो.

८ जानेवारी

दिशाने मला दोन्ही शाळांतला फरक समजावला. बोर्डात पुस्तकातलं सगळं डोक्यात भरायचं आणि तीन तासांत कागदावर उतरवायचं. त्या शाळेत पाठांतर कमी, स्वतः करून दाखवायचं, मग उभं राहून सांगायचं की हे असं का केलं. मी म्हटलं, कळलं. बोर्ड म्हणजे सुकी मासळी. एकदा वाळवून भरून ठेवली की वेळेला काढायची. तिकडची ओली, रोज नवीन, रोज धावपळ.

ती हसली. म्हणाली, "मला सुकीच बरी."

"खायचं नाय बोलत गो मी."

"मी पण नाही बोलत खायचं." असं म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं. अभ्यासाचं इतकं वेड ह्या पोरीला. नाहीतर मी तिच्या वयाची असताना चिंबोऱ्या पकडत हिंडत होते. चिंबोरी धरायची पण एक रीत असते, मागून धरायची. पुढून गेलं की नांगी बसते. येसूबाईला मी आता मागून धरणार.

१४ जानेवारी

संक्रांत. येसूबाई तिळगूळ घेऊन आमच्या दारात. आत ये म्हटलं नाही, तीही आली नाही.

"पुतळे, प्रनयचा पन फॉरम भरलाय गो."

"भर की. शेत काय माझ्या एकटीच्या सासऱ्याचं व्हतं?"

"पोर लय गप झालाय. शाळेतशी आला का कोपऱ्यात बसतो. सर बोलतात नववीत नापास व्हईल."

"मग त्या शाळेत जाऊन काय करनार? तिथं पास करायची मशीन हाय?"

मी डबा उघडला आणि निवडून निवडून सगळ्यात टणक लाडू तिच्या हातावर ठेवला. तिच्या खालच्या तीन दातांचं काम चालू आहे, मला ठाऊक आहे. "गोड बोल," म्हटलं. दिवसभर मन हलकं होतं. उज्वलाला दोन वेळा चहा करून दिला, ती परत घाबरली.

१९ जानेवारी

आज रविवार नव्हता तरी दिलीप घरी, कारखान्यात वीज नव्हती. मी दिशाच्या सीटचं बोलत होते आणि बोलता बोलता जुन्या दाखल्यावर आले. मी येतेच. दिलीप बोंबील निवडायला बसला होता, हात थांबवून म्हणाला, "आये, तो दाखला कुनी हिसकावला नव्हता. मीच सही करून काकाला बोललेलो, बाळ्याला द्या."

मी म्हटलं, "तू सही केलीस म्हंजे त्यांनी करून घेतली."

"बाळ्या तेवा भरतीच्या टायमाला खाडीच्या बांधावर जाऊन बसायचा. चपला काढून, जोडीनं नीट लावून ठेवायचा. दोन येळा मी त्याला घरी आनला. तुला कोनी सांगितलं नाय."

"चिखलात सगळेच चपला काढतात."

तो मग म्हणाला, "हाव, काढतात," आणि परत बोंबील निवडायला लागला. असं साधं पोरगं. ह्याला लुबाडलं तरी म्हणतो मीच दिलं. म्हणून तर ह्याच्या वाटणीचा राग मला करावा लागतो.

३ फेब्रुवारी

मुलाखत झाली. मी हिरवं काठाचं लुगडं नेसून गेले, गळ्यात सगळं घातलं. दिलीपला सुट्टी नाही, उज्वला माहेरी, म्हणून दिशाबरोबर मीच. शाळेत शिरताना मी अंदाज घेतला. दारातलं फुलझाड आहे तिथे आमची विहीर होती. वॉचमनला सांगितलं, तो म्हणाला, "मावशी, चप्पल पुसून या."

आत स्मितामॅडम म्हणून बाई होत्या, शाळेत घेणं न घेणं त्यांच्या हातात. केस कापलेले, बोलणं गोड. दिशाशी इंग्रजीत बोलल्या. आणि आमची पोर काय बोलली, काय बोलली. बोर्डाची शाळा आहे पण थांबली नाही कुठे. मला इंग्रजी येत नाही, पण नावं कळतात. त्यात एकदा 'आजी' आलं, एकदा 'येसूआजी' आलं, आणि प्रणयचं नाव मी मोजलं, चार वेळा. मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पण मान डोलावली, म्हटलं बघा, कशी आहे.

बाहेर आल्यावर विचारलं, "प्रनयचं काय सांगितलंस?"

"जे खरं ते."

खरंच सांगितलं असणार, सात आठे किती ते त्याला येत नाही. चार वेळा नाव घेऊन चार वेळा पाडला. माझी नात शोभते.

तो पोर पण आला होता, बाळारामबरोबर. बरोबर एक खोका, त्यात तारा आणि जुन्या पंख्याची पाती. मॅडमच्या खोलीत तासभर होता. बाहेर आला तेव्हा मॅडम त्याच्या मागे दारापर्यंत आल्या, अजून काहीतरी विचारत. कचरा टाकायला सांगत असतील.

१२ फेब्रुवारी

फोन आला. दोघं पास. सीट एक. शाळा म्हणते, घरातून कुणाला घालायचं ते तुम्ही ठरवा. पण शेताच्या कागदावर आता दोनच नावं जिवंत आहेत, माझं आणि येसूबाईचं. जिचं मूल जाईल तिने दुसरीची ना-हरकत आणायची. सत्तावीस तारखेपर्यंत.

म्हणजे दिशाला घालायचं तर मला येसूबाईच्या दारात जाऊन सही मागायची. हे असं डोकं कुणी लढवलं असेल.

मी ठरवलं आहे. जाणार नाही. ती नाही म्हणेल, मग मी गावच्या देवळासमोर चार बायकांत सांगेन की बघा, आधी पोराच्या तोंडचं काढलं, आता नातीच्या. सगळं बोलणं तयार केलं. कुठे थांबायचं, कुठे पदर डोळ्याला लावायचा, तेपण. सून म्हणाली, "आई, आधी विचारा तरी." विचारलं आणि हो म्हणाली तर काय करू, माझं बोलणं वाया जाईल.

१६ फेब्रुवारी

बोलणं वाया गेलं.

सकाळी मी मासळी टोपलीत भरत होते तर दारात प्रणय. हातात कागद. "आजीने दिलाय." उघडला. दिशाला सीट द्यायला हरकत नाही, खाली येसूबाईचा अंगठा. मी न मागता. ह्यात काहीतरी डाव आहे. सत्तावीस वर्षं मी चाकूला धार लावली आणि बाई मान पुढे करून उभी.

पोरगा गेला नाही. माझ्या वजनकाट्याकडे बघत होता. महिनाभर त्याचे आकडे नाचतात, गिऱ्हाईक भांडतात. "खोलू?" म्हणाला. दिवसभरात तेवढाच शब्द असेल. मी म्हटलं, खोल, बिघडलेलाच आहे. जमिनीवर मांडी घालून बसला, दिशाच्या कंपासपेटीतली कात्री घेतली, सगळं सुटं केलं. मी मुद्दाम विचारलं, "सात आठे?" त्याचे कान लाल झाले. हात मात्र थांबला नाही. आतून मिठाची पांढरी खपली काढली, जिभेला लावून बघितली, म्हणाला, "सुकटीचं मीठ आत जातं. खाली रबर लावतो." अर्ध्या तासात काटा सरळ. पाव किलो सोडे ठेवले, पाव किलो दाखवले.

मग मला विचारतो, "आजी, मीठ वीज कशी खातं माहितेय?" मी सासरी मिठागरात मीठ ओढलेलं, मिठावर मला कुणी शिकवायची गरज नाही. पण हे मला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं. चांगलं सांगितलं. तोंड उघडलं की तो पोर वेगळा दिसतो. मी चहा विचारला नाही.

१८ फेब्रुवारी

कागद दिशाला दाखवला. म्हटलं, "जिंकलो."

ती म्हणाली, "मी जाणार नाही."

मला वाटलं घाबरली. म्हटलं, टाय बांधायला शिकवतील. तर म्हणे, "आजी, मला बोर्डाचा पेपर द्यायचाय. मला ज्याचं उत्तर एकच असतं ते आवडतं. तीन तास कुणी मधे बोलत नाही ते आवडतं. कबड्डीत मी पुढच्या वर्षी कॅप्टन आहे. मी इथे पहिली येते, मला तिथे जाऊन गावाकडची मुलगी म्हणून उभं राहायचं नाही."

"आनि तुझ्या बापाचं बोट?"

"ते मी त्या शाळेत गेल्याने परत येणार आहे का?"

असं कुणी आजीला बोलतं? दिलीपला सांगितलं तर तो भिंतीकडे तोंड करून हसत होता असं मला वाटलं. जेवले नाही. म्हणजे थोडं जेवले, कोलंबी होती.

२० फेब्रुवारी

कागद सोड्यांच्या डब्यात ठेवला आहे, झाकण घट्ट.

एक गोष्ट सुचली आणि मन परत ताजं झालं. दिशा जात नाही तर नको जाऊ दे. पण प्रणयला जायचं तर माझी ना-हरकत लागते. मी काहीच करायचं नाही. नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. सत्तावीस तारीख आपोआप जाईल. सीट दुसऱ्या गावाला. कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

समोर येसूबाई पापड वाळत घालत होती. माझ्याकडे बघितलं. वाटलं आता विचारील, मग मी सावकाश "बघू" म्हणेन. दहा प्रकारे म्हणून बघितलं मनात. पण बाईने विचारलंच नाही. पापड पालथे केले आणि आत गेली. अंगठा देऊन बसली आहे, आता कशाला विचारेल. मला तिचा एवढा राग सत्तावीस वर्षांत आला नव्हता.

२४ फेब्रुवारी

प्रणय शाळेतून घरी आला नाही. चार वाजले, पाच वाजले. दिशाने येऊन दिलीपला सांगितलं, घटक चाचणीचे पेपर वाटले आज. दिलीप पाळीवरून नुकताच आलेला, पाणीपण न पिता निघाला. जेटीवर सापडला म्हणे. घेऊन आला, बाळारामच्या दारात सोडला. बाळाराम, एवढा साहेब माणूस, दिलीपचा तो चार बोटांचा हात धरून उभा राहिला, सोडेचना. मी खिडकीतून बघितलं.

आमच्या दिलीपला आयुष्यभर दुसऱ्यांचीच पोरं घरी आणायची हौस.

ताट वाढताना मी विचारलं, "चपला कुठं व्हत्या त्याच्या?"

"पायात," दिलीप म्हणाला.

बरं, म्हटलं. का विचारलं ते कळलं नाही. नंतर दोन पोळ्या जास्त लाटल्या, त्या तशाच राहिल्या.

२७ फेब्रुवारी

आज लिहायला खूप आहे, हात दुखेल.

पहाटेपासून विचार करत होते. येसूबाईने मला न मागता दिलं. म्हणजे ह्या बोळात आता ती वर आणि मी खाली. सीट गेली तर गाव म्हणेल, येसूबाईने अंगठा दिला, पुतळीने डब्यात कुजवला. हे मला चालणार नाही. तिने एक दिलं तर मी असं देईन की बाईला जन्मभर मान वर करता येऊ नये. ती देते तेव्हा तिचं काही जात नाही, अंगठाच तो. मी देईन तेव्हा माझी सत्तावीस वर्षं जातील. तिला कळू दे देणं कशाला म्हणतात.

बाजाराला सुट्टी दिली. हिरवं लुगडं नेसले, डब्यातला कागद काढला. शाळेत गेले. ह्या वेळी चपला आधीच पुसल्या, वॉचमन काही बोलायच्या आत.

स्मितामॅडमना म्हटलं, "आमच्या घरातनं प्रनय येईल. माझी सही घ्या."

त्या मला बसवून म्हणाल्या, "तुमची नात तेच म्हणाली होती."

"कधी?"

"मुलाखतीत. म्हणाली, मी कुठल्याही शाळेत पहिली येईन. प्रणय आहे तिथे राहिला तर तो बोलायचाच बंद होईल. आजीला येसूआजीला हरवायचंय म्हणून मी आलेय, पण तुम्ही त्याला घ्या."

म्हणजे ती तिथे, माझ्या मांडीला मांडी लावून, माझ्याच विरुद्ध बोलत होती आणि मी मान डोलवत होते. राग आला. मग हसू आलं. चिंबोरी मागून धरायची, मीच शिकवलं असेल कधीतरी.

मॅडमनी कागद पुढे केला, शाईची डबी पण. मी डबी बाजूला सारली. पेन मागितलं. नुसतं पुतळी नाही, नवऱ्याचं पूर्ण नाव मधे घालून, आडनावासकट सही केली, वेलांट्या सोडल्या नाहीत. वेळ लागला. मॅडम थांबल्या. मग त्यांनी विचारलं, मुलाशी नातं काय लिहू, चुलत आजी?

"चुलत कशाला. आजी लिवा."

आता तो पोर कुठेही जाऊ दे, परदेशात जाऊ दे, त्याचा पहिला कागद माझ्या अक्षरातला. येसूबाईचा अंगठा वेगळ्या कागदावर, तो कामालाच आला नाही. हे लिहितानापण बरं वाटतं.

एक प्रत घेऊन घरी आले. पण आमच्या दारात नाही गेले. बोळ ओलांडली, चार पावलं, आणि तिच्या उंबऱ्यावरून आत. बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच वर धरून बघत राहिली, जसं घरात जनावर शिरावं. मी कागद फडताळावर ठेवला. आत एक चांगली खुर्ची आहे, बाळारामची, गादीवाली. तिच्यावर बसले.

"काय गो हे, पुतळे?"

"वाचायला येत नसंल तर नातवाला बोलव. पन त्याला जोडाक्षरं हळूहळू वाचू दे."

प्रणय माळ्यावरून उतरला. वाचलं. परत वाचलं. मग कागद खाली ठेवून माझ्याकडे आला आणि माझ्या पायाशी बसला, काटा दुरुस्त करायला बसला होता तसाच. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागला, दुसरं काय करणार, तो अगदी हाताखालीच होता.

येसूबाईने पीठ लागलेले हात तोंडावर धरले आणि रडायला लागली. आवाज न करता. सगळं तोंड पांढरं. म्हणाली, "पुतळे, तेवा दाखल्याच्या येळी मी तुज्या दारात यायला पायजे व्हती. मला धीर नाय झाला गो."

हे ऐकायला मी सत्तावीस वर्षं थांबले होते. उत्तरं तयार होती, एकाहून एक. एकही दिलं नाही. ती रडत होती तोवर मी खुर्चीत मागे टेकून बसले, पाय पसरले, आणि सांगितलं की चहा टाक, साखर जास्त. तिने टाकला. तो प्यायले. मग ती अजून रडतच होती तर दुसरा मागितला.

उठले नाही.